वीतभर शंकूची कुळकथा

सपाट जमिनीवर ओळंब्याने सरळ उभी केलेली बारा अंगुळांची, म्हणजे वीतभर, काठी एवढेच ज्या यंत्राचे साहित्य, त्या शंकूचे कुळ महाराष्ट्रातील कोणत्याही सरदार घराण्याच्या कुळापेक्षा जुने आहे. यज्ञवेदीची पूर्वपश्चिम रेषा अचूक साधल्यावाचून याज्ञिकांचे चालत नसे, म्हणून कात्यायनाच्या शुल्बसूत्रात तिचा विधी सांगितला आहे. समतल भूमीवर शंकू रोवावा, शंकूच्याच लांबीच्या दोरीने त्याच्याभोवती वर्तुळ काढावे, सकाळची लांब सावली आखूड होत होत तिचे टोक ज्या बिंदूवर वर्तुळात शिरेल तेथे एक खूण करावी आणि दुपारनंतर ते ज्या बिंदूवर वर्तुळाबाहेर पडेल तेथे दुसरी. या दोन खुणांना जोडणारी रेषा ती पूर्वपश्चिम. पुढे अरबी ज्योतिर्विदांनी या वर्तुळाला ‘हिंदी वर्तुळ’ असेच नाव दिले आणि त्याने काढलेल्या मध्यान्हरेषेचा उपयोग किब्ल्याची दिशा ठरविण्यासाठी केला. यज्ञमंडप आणि मशीद या दोहोंना एकाच काठीने दिशा दाखवावी, हे त्या काठीला शोभण्यासारखेच झाले.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा शंकू सरकारी दप्तरात रुजू झालेला दिसतो. आषाढात माध्यान्ही सावली पडत नाही, श्रावणापासून सहा महिने ती दरमहा दोन अंगुळांनी वाढते आणि माघापासून तेवढ्याच मानाने घटते, असा कालमापनाचा जाबता तेथे घालून दिला आहे. हा जाबता कर्कवृत्तालगतच्या प्रदेशाचा आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेरच्या रयतेला तो लागू पडत नाही. कारण पारनेर 19 अक्षांशांच्या आसपास वसलेले असल्यामुळे 21 जूनच्या माध्यान्ही तेथे सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो आणि वीतभर शंकूची सावली सुमारे एक अंगुळ दक्षिणेकडे पडते. उलट 22 डिसेंबरला ती उत्तरेकडे सुमारे 11 अंगुळ होते. कौटिल्याचे शासन पारनेरास मोजून पाहावे आणि फरक निघाला म्हणजे तो फरक का निघाला हे विचारावे, यापेक्षा भूगोलाचा चांगला पहिला धडा मला तरी सुचत नाही. पृथ्वी वाटोळी आहे हे मुलाने ग्रंथाच्या आज्ञेवरून मान्य करण्याऐवजी एका अंगुळाच्या सावलीवरून त्याची खातरजमा करून घ्यावी, हेच शास्त्राच्या स्वभावास धरून आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीसने सायीनी आणि अलेक्झांड्रिया या दोन नगरांतील माध्यान्हीच्या सूर्यस्थितीच्या फरकावरून पृथ्वीचा परीघ काढला, तो याच रीतीने.

सूर्यसिद्धांताच्या तिसऱ्या अधिकारात शंकूला दिशा, देश आणि काल असे तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांतील दुसऱ्याचे, म्हणजे आपण पृथ्वीवर कोठे आहोत याचे, उत्तर विषुवदिनी माध्यान्ही पडणाऱ्या सावलीत असते. या सावलीस पलभा म्हणतात. पारनेरची पलभा 4 अंगुळे 8 व्यंगुळे (अंगुळाचे साठांश) येते. संबंध गावाचे अक्षांश एवढ्या अल्पाक्षरी आकड्यात मावावेत, ही सोय इतकी मोहक होती की पुढची हजार वर्षे आपल्या ज्योतिषांनी तिला सोडले नाही.

भास्कराचार्यांच्या काळापर्यंत हा आकडा काठीपासून तुटलेला नव्हता. लीलावतीत छायाव्यवहाराचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि 1150 च्या सिद्धांतशिरोमणीत अनेक यंत्रांचे वर्णन केल्यावर आचार्यांनी सर्वांत श्रेष्ठ ठरविले ते धीयंत्र, जे हाती धरलेल्या साध्या काठीपलीकडे काहीच नाही. त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावाजवळ पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्याला दान दिले. 1207 सालच्या त्या शिलालेखाच्या अखेरच्या मराठी भागात बाजारातील मालावरील करांचा वाटा मठास लावून दिल्याची नोंद आहे. ज्योतिषाची शाळा बाजारच्या उत्पन्नावर चालावी, ही वहिवाट आपल्याकडे फार टिकली नाही.

मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके 1442 मध्ये, म्हणजे 1520 साली, ग्रहलाघव रचले आणि ज्याचापांची, म्हणजे त्रिकोणमितीची, कटकट काढून टाकून सर्व गणित गुणाकार-भागाकारांवर आणले. पलभेला 10, 8 आणि 10 तृतीयांश यांनी निरनिराळे गुणावे, म्हणजे तीन चरखंडे, अर्थात अर्ध्या दिवसाच्या वाढीचे तीन हिस्से, मिळतात. पारनेरच्या पलभेवरून ती अनुक्रमे सुमारे 41, 33 आणि 14 पळे येतात आणि त्यांची बेरीज 88 पळे होते. पंधरा घटिकांच्या अर्ध्या दिवसात ही पळे मिळवून दुप्पट केली की पारनेरचा सर्वांत मोठा दिवस 32 घटिका 56 पळांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने 13 तास 10 मिनिटांचा, निघतो. वातावरणातील वक्रीभवनामुळे सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो, एवढा काही मिनिटांचा फेर सोडला तर हे उत्तर आजही चालते. वीतभर काठीची एक सावली आणि तीन गुणाकार! गणेश दैवज्ञ स्वतः वेध घेणारे होते, घोडेस्वाराने हातात धरावे असे चाबकाच्या आकाराचे प्रतोदयंत्रही त्यांनी वर्णिले आहे. परंतु त्यांच्या अनुयायांना तयार आकडा हाती आल्यावर उन्हात उभे राहण्याची गरज उरली नाही. पलभा पंचांगाच्या कोष्टकात जाऊन बसली, आणि जो आकडा एके काळी जमिनीवर मोजला जात असे तो गावाच्या नावासमोर छापला जाऊ लागला. या घसरगुंडीचा दोष ग्रहलाघवावर लादणे अन्यायाचे होईल. दोष सोयीचा आहे.

शाळेच्या दाराशी हे शास्त्र पुन्हा आले ते माळव्यातून. भोपाळचे ब्रिटिश एजंट लान्सलॉट विल्किन्सन यांनी सिहोरच्या मुक्कामी सिद्धांतांच्या अध्यापनाची पाठशाळा चालविली. तेथेच सुबाजी बापूंनी पुराणे, सिद्धांत आणि कोपर्निकस यांच्या मतांची तुलना करणारा शिरोमणिप्रकाश मराठीत लिहिला. याच अहिल्यानगर जिल्ह्यातील गोदातीरावरच्या टोके गावाशी ज्यांचे घराणे निगडित होते, ते बापूदेव शास्त्री तरुणपणी सिहोरला शिकले आणि पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेत ज्योतिषाचे अध्यापक झाले. 1861 मध्ये प्रसिद्ध झालेले सूर्यसिद्धांताचे इंग्रजी भाषांतर त्यांचेच, आणि विल्किन्सन यांचे गोलाध्यायाचे भाषांतर तपासून सिद्ध केले तेही त्यांनीच. त्या जिल्ह्याच्या शाळांत बापूदेवांचे नाव आज किती मुलांना ठाऊक असेल याविषयी मला फारशी आशा नाही.

पारनेरच्या पश्चिमेस, जुन्नर तालुक्यात खोडद येथे, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, आणि ती पाहिल्यावर वीतभर काठीकडे मुलाचे लक्ष वळविणे कठीण जाते हे खरे. ज्या दिवसाचा हल्ली बराच गवगवा होतो तो शून्य सावलीचा दिवसही पारनेरच्या मुलाच्या फारसा उपयोगी पडत नाही: मेच्या मध्यास सूर्य 12 वाजून 28 मिनिटांच्या सुमारास थेट डोक्यावर येतो तेव्हा शाळेला सुट्टी असते, आणि जुलैच्या अखेरीस 12 वाजून 39 मिनिटांच्या सुमारास तो पुन्हा येतो तेव्हा पाऊस कमी पडणाऱ्या या तालुक्यातही आभाळाचा भरवसा नसतो. म्हणून सावली मोजण्याचा मुहूर्त धरावयाचा तर 23 सप्टेंबरचा धरावा. शाळा चालू असते, पावसाळा ओसरत आलेला असतो, आणि सावली 12 वाजून 25 मिनिटांच्या सुमारास पलभेइतकी, म्हणजे 4 अंगुळांच्या थोडी वर, भरते. इतर दिवशी वक्र मार्गाने जाणारे तिचे टोक त्या दिवशी जवळजवळ सरळ रेषेत सरकते. कात्यायनाचे वर्तुळ काढावयास वेळ नसेल तर तासाभराच्या अंतराने केलेल्या दोन खुणाही पूर्वपश्चिम दाखविण्यास पुरतात.