छिन्नमनस्कता, वीज आणि एक नकार

१९७४ सालच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या काकांना ‘कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जायचंय’ असे सांगून घरातून बाहेर काढले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. काकांनी धुतलेला सदरा घातला, ओटीचा नारळ स्वतःच्या पिशवीत ठेवला. एसटी कोल्हापूरचीच होती. पण वडिलांनी आणि दोघा भाऊबंदांनी त्यांना मधल्याच एका शहरात उतरवले आणि मानसोपचाराच्या दवाखान्यात नेले. तिथे त्यांना ‘शॉक’ दिले. भूल नव्हती. जीभ चावली जाऊ नये म्हणून तोंडात कापडाचा बोळा आणि हातपाय धरायला चार माणसे. दाराबाहेर उभ्या असलेल्या वडिलांनी मला हे पुष्कळ वर्षांनी सांगितले.

काकांना छिन्नमनस्कता होती. विहिरीतून कोणी आपल्याला हाका मारते, असे ते म्हणत. आठ शॉकनंतर त्या हाका थांबल्या, ते जेवू लागले, शेतावर जाऊ लागले. माझ्या बहिणीचे बारसे मात्र त्यांना आठवेना. पाळण्याची दोरी त्यांनीच धरली होती. या उपचाराने आमच्या घराला काय दिले आणि काय नेले, याचा हिशेब मला कधी जुळवता आला नाही. इतिहासाच्या शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी या उपचाराचाच इतिहास वाचायला घेतला.

त्याची सुरुवात विजेपासून होत नाही, कापरापासून होते. बुडापेस्टमधले लादिस्लाव मेदुना हे मेंदूच्या पेशींचे अभ्यासक. फेफरे येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूत ग्लिया नावाच्या आधारपेशी वाढलेल्या दिसतात आणि छिन्नमनस्कतेच्या रुग्णांत त्या कमी दिसतात, असे त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली आढळले. यावरून त्यांनी तर्क केला, की हे दोन आजार एकमेकांचे वैरी असावेत. मग छिन्नमनस्कतेच्या रुग्णाला मुद्दाम फेफरे आणले तर? जानेवारी १९३४ मध्ये त्यांनी तेलात विरघळवलेल्या कापराचे इंजेक्शन देऊन हा प्रयोग सुरू केला. सुरुवातीच्या रुग्णांपैकी एक जण चार वर्षे जवळजवळ पुतळ्यासारखा पडून होता. काही इंजेक्शनांनंतर तो उठून बसला आणि बोलू लागला, अशी नोंद मेदुना यांनी केली.

मेदुना यांचा तर्क पुढे चुकीचा ठरला. फेफऱ्याच्या रुग्णांमध्ये मनोविकार कमी नसतात, उलट काहींमध्ये जास्तच आढळतात. सिद्धान्त चुकला तरी उपचार काही रुग्णांना लागू पडला. कापराच्या जागी लवकरच कार्डियाझोल हे औषध आले. त्यात एक क्रूर अडचण होती. इंजेक्शन आणि आकडी यांच्या मधल्या क्षणांत रुग्ण शुद्धीवर असे आणि त्याला मृत्यू समोर दिसावा तशी भीती वाटे. एकदा अनुभव घेतलेला रुग्ण पुन्हा तयार होत नसे.

याच अडचणीवरचा उतारा म्हणून वीज आली. रोममध्ये उगो सेर्लेत्ती आणि त्यांचे साहाय्यक लुचो बीनी हे कुत्र्यांना विजेने आकडी आणण्याचे प्रयोग करीत होते. आधी ते एक टोक तोंडात आणि दुसरे गुदद्वारात ठेवत. प्रवाह हृदयातून जाई आणि पुष्कळ कुत्री मरत. दोन्ही टोके कानशिलांना लावली तर हृदय वाचते, हे बीनी यांच्या ध्यानात आले. त्याच काळात रोमच्या कत्तलखान्यात डुकरांना विजेने मारतात असे सेर्लेत्तींच्या कानावर आले. त्यांनी जाऊन पाहिले, तर वीज डुकरांना मारत नव्हती. चिमट्याने डोक्याला प्रवाह दिला की डुकराला आकडी येई, त्या बेशुद्धीत कसाई सुरी चालवी. सुरी फिरली नाही तर जनावर थोड्या वेळाने उठून चालू लागे. माणसाला देता येईल इतका प्रवाह कोणता, याचा अंदाज तिथून मिळाला.

एप्रिल १९३८ मध्ये रोमच्या रेल्वे स्थानकावर पोलिसांना एक माणूस भरकटताना सापडला. तो मिलानचा अभियंता होता. कोणाला न कळणारी भाषा बोलत होता. पोलिसांनी त्याला सेर्लेत्तींच्या चिकित्सालयात पाठवले. त्याच्यासोबत नातेवाईक नव्हता, संमती विचारण्याचा प्रश्नच कोणाला पडला नाही. पहिला झटका कमी दाबाचा दिला. आकडी आली नाही. तो माणूस मोठ्याने गाऊ लागला. पुन्हा द्यावा की उद्यावर ढकलावे, अशी डॉक्टरांची चर्चा चालली असताना तो अचानक स्पष्ट इटालियनमध्ये बोलला. आणखी एक नको, यात जीव जाईल, असा त्याचा आशय होता.

ही हकिकत स्वतः सेर्लेत्तींनी नंतर लिहून ठेवली. त्या शब्दांनी आपला निश्चय क्षणभर डळमळला, असेही ते प्रांजळपणे सांगतात. पण त्यांनी वाढीव दाबाने पुढचा झटका दिला. आकडी आली. रुग्ण शुद्धीवर आला, शांत झाला, आणखी काही झटक्यांनंतर घरी गेला. आजार मात्र पुढे उलटला. चिकित्सालयात आल्यापासून हा माणूस जे बोलला त्यातले समजेल असे वाक्य म्हणजे त्याचा नकार होता. माझ्या वाचनात मी याच जागी बराच काळ थांबलो. सेर्लेत्ती स्वतःही या उपचारावर पूर्ण खूश नव्हते. उत्तरायुष्यात त्यांनी झटके दिलेल्या डुकरांच्या मेंदूपासून द्रव्य तयार करून, झटक्याविनाच गुण येतो का, हे शोधण्याचा खटाटोप केला. तो यशस्वी झाला नाही.

यंत्र स्वस्त होते, चालवायला सोपे होते, आणि रुग्ण क्षणात बेशुद्ध होत असल्याने कार्डियाझोलची ती भीती नव्हती. थोड्याच वर्षांत ते जगभर पसरले. आकडीच्या जोराने पाठीचे मणके मोडत, म्हणून १९४० मध्ये अमेरिकेतील बेनेट यांनी स्नायू शिथिल करणारे क्युरारे वापरून पाहिले. पन्नाशीच्या दशकात त्याहून सुरक्षित औषधे आणि भूल यांची जोड मिळाली. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा गुण दिसला आणि छिन्नमनस्कतेवर गोळ्यांचे युग सुरू झाले. दरम्यान मोठ्या मनोरुग्णालयांत हट्टी रुग्णाला वठणीवर आणायलाही शॉक वापरले गेले होते. १९७५ च्या ‘वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट’ या चित्रपटाने तेच चित्र लोकांच्या मनात पक्के केले.

म्हणजे काकांना १९७४ साली भुलीशिवाय झटके दिले गेले, तेव्हा भूल आणि शिथिलक या उपचारात येऊन वीसेक वर्षे झाली होती. आपल्याकडे भूलतज्ज्ञ कमी, खर्च जास्त, आणि रुग्णांची रांग लांब. त्यामुळे ‘डायरेक्ट’ शॉक एकविसाव्या शतकापर्यंत टिकून राहिला. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्याच वर्षी ‘सार्थक’ या संस्थेने डायरेक्ट शॉकविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. पुण्यात ‘बापू ट्रस्ट’च्या भार्गवी दावर यांनी या उपचाराला सातत्याने विरोध केला. मूळचे धुळ्याकडचे आणि कॅनडात स्थायिक झालेले प्रा. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात छिन्नमनस्कतेच्या रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी संस्था उभी केली. ‘देवराई’ हा चित्रपट त्यांच्याच पुढाकाराने झाला. माझ्या ओळखीच्या अनेक घरांत या आजाराचे नाव त्या चित्रपटानंतर प्रथम उच्चारले गेले.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या ९५ व्या कलमाने भूल आणि शिथिलक यांविना शॉक देण्यास मनाई केली. अल्पवयीनांना तो पालकाची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी असल्याखेरीज देता येत नाही. साखळदंडही त्याच कलमाने निषिद्ध झाले. तातडीचा उपचार म्हणून परस्पर शॉक देण्याची वाटही बंद झाली. आजारी पडण्याआधीच ‘मला हे द्या, हे देऊ नका’ असे लिहून ठेवण्याचा हक्क मिळाला. आणि रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला कायद्यात स्थान मिळाले.

उपचार मात्र संपला नाही, आणि संपावा असे मलाही वाटत नाही. पुतळ्यासारखे थिजलेल्या रुग्णांना आजही त्याने लवकर गुण येतो. क्लोझापिन या शेवटच्या औषधानेही न सुधारलेल्या रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधासोबत शॉक घेतलेल्या २० जणांपैकी निम्म्यांना चांगला गुण आला, नुसते औषध घेतलेल्या १९ जणांपैकी एकालाही नाही. स्मृतीवरचा परिणाम ही किंमत अजून आहेच. दुसरीकडे आकडी न आणता मेंदूला चेतवण्याचे मार्ग निघाले. शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये चुंबकीय स्पंदांनी कवटीबाहेरून मेंदू चेतवला. येल विद्यापीठातील राल्फ हॉफमन यांनी २००० साली तेच तंत्र डाव्या कानामागच्या भागावर, सेकंदाला एक स्पंद या संथ गतीने वापरले, आणि आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांचे आवाज कमी झाल्याचे दाखवले. फ्रान्समध्ये २०१२ मध्ये दोन मिलिअँपिअर इतक्या सौम्य प्रवाहाने तोच यत्न झाला. त्या तंत्रावर बंगळूरच्या निम्हान्समध्येही संशोधन झाले. पुढच्या अभ्यासांत या दोन्हींचे निकाल संमिश्र आले. रुग्ण जागा असतो, भूल लागत नाही आणि नको असेल तर तो मध्येच हात वर करून थांबवू शकतो, एवढे मात्र खरे.

गेल्या वर्षी नात्यातल्या एका तरुणाला शॉकचा सल्ला मिळाला. त्याचा नियुक्त प्रतिनिधी म्हणून मी सोबत होतो. डॉक्टर माझ्याशी कमी आणि त्याच्याशी जास्त बोलल्या. संमतीपत्र त्याने घरी नेले, दोन दिवस ठेवले, आणि पुढच्या भेटीत एकच विचारले, ‘विसरायला होईल ते किती दिवस?’ डॉक्टरांनी खरे ते सांगितले, बहुतेक काही आठवडे, पण उपचाराच्या काळातल्या काही आठवणी परत येणारही नाहीत. मग त्याने सही केली. तो मधल्या काळात बोलण्याच्या अवस्थेत नसता, तर सही मला करावी लागली असती, आणि मी दाराबाहेरच्या माझ्या वडिलांच्या जागी उभा असतो. कायदा ती जागा पुसू शकत नाही, फक्त तिथे उभे राहणाऱ्याला जबाबदार धरतो.

काका २००३ मध्ये गेले. शॉकबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण अंबाबाईला ते पुन्हा कधी गेले नाहीत. आणि कुठल्याही एसटीत चढताना, पाटी वाचून झाल्यावरही, कंडक्टरला स्वतः विचारत, ‘ही गाडी नक्की कुठं जाते?’ उत्तर मिळाल्याशिवाय ते बसत नसत.