संपादकाची दुरुस्ती आणि लेखिकेची सही

मित्रहो, आज आपण ज्या प्रकरणाकडे पाहणार आहोत ते जेमतेम एका परिच्छेदाचं आहे. पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे : श्रद्धावान माणसानं आज्ञा पाळायची ती कोणाची आणि कुठवर?

साल १९५७. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मिलेजविल नावाचं गाव आहे. गावाबाहेरच्या शेतावर फ्लॅनरी ओकॉनर ही कथालेखिका आईजवळ राहत होती. वय अवघं बत्तीस. ज्या ल्यूपस रोगानं वडील गेले, तोच हिच्याही अंगात होता. चालायला कुबड्या लागत. बाई जन्मानं कॅथलिक, भोवतालचा मुलूख मात्र प्रोटेस्टंटांचा. आणि कथांमध्ये काय? तर खून, फसवणूक, विक्षिप्त उपदेशक! धर्मनिष्ठ वाचक साहजिकच विचारत, ‘बाई, तुम्ही काही मंगल का लिहीत नाही?’

या प्रश्नाला बाईंनी निबंधातून उत्तर दिलं. चर्च आणि कथालेखक यांच्या नात्यावरचा हा निबंध ३० मार्च १९५७ रोजी ‘अमेरिका’ या जेझुइट साप्ताहिकात छापून आला. तिथले साहित्य-संपादक होते फादर हॅरल्ड गार्डिनर. कादंबरी नैतिकदृष्ट्या कशी जोखावी, यावर त्यांनी स्वतःच १९५३ मध्ये पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे या विषयात त्यांची मतं ठाम होती.

बाईंचा मुद्दा थोडक्यात असा : दुबळ्या वाचकाला अपायकारक पुस्तकापासून जपणं हे चर्चचं काम. ते काम चर्च करतं, म्हणूनच लेखक आपल्या कलेच्या मागण्यांकडे निश्चिंतपणे लक्ष देऊ शकतो. या विचाराच्या मागे थॉमस अक्वायनस आहेत. कलेचं चांगलेपण घडवलेल्या वस्तूत पाहायचं, घडवणाऱ्याच्या सद्हेतूत नव्हे. चपला शिवणारा कितीही पापभीरू असला, तरी चप्पल पायाला चावली तर उपयोग काय?

फादरांनी छापताना एका परिच्छेदात फेरफार केला. बाईंना तो रुचला नाही.

आता कोणी म्हणेल, श्रद्धावान बाई, समोर धर्मगुरू. मग एवढं मनाला काय लावून घ्यायचं? इथेच आपण जरा थांबू या. त्याच सुमारास बाईंना एका वाचनमंडळासाठी जीद आणि सार्त्र वाचायचे होते. दोघेही चर्चच्या निषिद्ध यादीत! बाईंनी काय करावं? ओळखीच्या एका धर्मगुरूंना पत्र लिहून त्यांनी रीतसर परवानगी मागितली. चोरून वाचता आलं नसतं असं थोडंच आहे?

आमच्या मते या दोन गोष्टींत विसंगती नाही. चर्चचा अधिकार बाईंना मान्यच होता. पण संपादक म्हणजे चर्च नव्हे, मग तो पाद्री का असेना. वाचनाचा नियम पाळणं हे आज्ञापालन. आपल्या सहीखाली दुसऱ्याचं म्हणणं जाऊ देणं, हे मात्र सत्याशी केलेली तडजोड ठरेल. आज्ञाधारकपणा आणि मिंधेपणा यांत आपण नेहमी गल्लत करतो, ती इथे.

१९६४ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी बाई गेल्या. दोन वर्षांनी ती निषिद्ध यादीही गेली. १९६९ मध्ये स्नेह्यांनी त्यांचे निबंध पुस्तकरूपानं काढले आणि त्या परिच्छेदात बाईंचे मूळ शब्द परत आले.

आपण लिहिलेलं कोणी ‘जरासं’ बदललं, तर आपण कुठे हो म्हणतो आणि कुठे अडतो? घरी जाऊन प्रत्येकानं विचार करून पाहावा. पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू.