सुखतव्याचा पूल आणि 138 चाकं

नागपूरहून निघालेला रस्ता सावनेरला फुटतो. एक फाटा सौंसरवरून छिंदवाड्याला जातो, दुसरा पांढुर्णा, मुलताई, बैतूल करत इटारसीला. 2023 साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, पण या दोन रस्त्यांनी आमच्या भागाला घडवलं ते कितीतरी आधीपासून.

अवजड माल रेल्वेनं का जात नाही, असं लोक विचारतात. सौंसरला 2015 पर्यंत छोटी लाइन होती, रुळांची रुंदी अडीच फूट. तिथं मोठं यंत्र कुठं मावणार? पांढुर्ण्याला मोठी लाइन आहे, तरी पूल, खांब आणि विजेच्या तारांमधून जाईल एवढाच माल गाडीत चढतो. उरलेला रस्त्यानं. रस्त्यावर साध्या ट्रकला 2.6 मीटर रुंदीची मर्यादा, त्यापुढं खास परवाना लागतो. अशा ट्रॉल्यापुढं लाल झेंडीची गाडी चालते, तारा आडव्या आल्या की माणसं बांबूनं वर उचलतात. लहानपणी आम्ही हे बघायला रस्त्याच्या कडेला उभे राहायचो.

10 एप्रिल 2022, रविवार. हैदराबादहून इटारसीला यंत्रसामग्री नेणारा 138 चाकांचा ट्रॉला याच भोपाळ-नागपूर महामार्गावर सुखतवा नदीचा पूल ओलांडत होता. पूल ट्रॉल्यासकट खाली आला. पूल इंग्रजांच्या काळातला, 1865 सालचा सांगतात. नागपूरला रेल्वे 1867 साली आली, म्हणजे पूल तिच्याही आधीचा. त्या काळी या वाटेवर मुख्य वाहन बैलगाडी.

मग एवढी चाकं असून पूल पडला कसा? चाकं वाढवली की प्रत्येक चाकाखालचा भार कमी होतो, त्यामुळं डांबरी रस्ता टिकतो. पुलाचं गणित वेगळं. एका गाळ्यावर एकाच वेळी जितकी चाकं येतात, त्या सगळ्यांचं ओझं तो गाळा पेलतो. चाकं मोजून पूल कळत नाही, त्याचं वय आणि बांधणी माहीत असावी लागते.

म्हणून माझं एक सांगणं. आपण किल्ले-मंदिरांच्या नोंदी ठेवतो, पुलांच्या ठेवत नाही. पांढुर्णा-सौंसरच्या नदीनाल्यांवर जुने पूल, मोऱ्या असतील, त्यांवरचे सालाचे दगड वाचा, फोटो काढा. पूल पडल्यावर तो किती सालचा होता, हे विचारण्यात काय अर्थ?