ओवीची घडण

बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. उखळाशी आणि जात्याशी जडलेले हे नातेच ओवीच्या घडणीचे मूळ आहे.

जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची असते आणि ओळींच्या शेवटी यमक जुळते. अक्षरे मोजलेली नसतात, कारण ठेका जात्याच्या फेऱ्याने धरलेला असतो. ओळ आखूड पडली तर स्वर लांबवायचा, नाहीतर मध्ये 'बाई', 'गं' घालायचे. लांबली तर अक्षरे भरभर उरकायची. म्हणूनच कागदावर लंगडी वाटणारी ओवी गायली की चोख बसते. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढत. एकीने ओळ म्हटली की दुसरी तिचा शेवटचा तुकडा पुन्हा घेई. तेवढ्यात पहिलीला जात्याच्या तोंडात वैरण घालायला आणि पुढची ओळ जुळवायला सवड मिळे. पुढच्या ओवीत अनेकदा पहिली ओळ जवळजवळ तशीच राहते, फक्त भावाच्या जागी बाप येतो आणि त्या एका शब्दापायी यमकही पालटते. एका साच्यातून अशा कितीतरी ओव्या निघत. या पुनरुक्तीला पाल्हाळ म्हणणे अन्यायाचे आहे; रचना तिच्यावरच उभी आहे.

शके 1212 म्हणजे 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी हाच छंद गीताटीकेसाठी घेतला आणि सुमारे नऊ हजार ओव्या रचल्या. ग्रंथातल्या ओवीला साडेतीन चरणांची म्हणतात: पहिल्या तीन चरणांत यमक, चौथा आखूड आणि बिनयमकाचा. अक्षरसंख्येची मोकळीक इथेही राहिली. तीनदा वाजलेले यमक चौथ्या चरणात अचानक थांबते आणि अर्थ तिथे ठसतो. विवेचनाला इतका सोयीचा छंद मराठीत दुसरा नाही. अभंगात मात्र बंधन आले. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरे आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक असते.

पिठाच्या गिरण्या गावोगाव पोचल्यावर जाती थांबली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतील बायकांकडून लाखावर ओव्या जमवल्या. त्यातल्या काही हजार ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. त्यामुळे लांबवलेला स्वर, घाईने उरकलेली अक्षरे आणि दुसरीने उचललेला तुकडा आज ऐकता येतो.