नेत्रांतर्गत रक्तस्राव व बायकार्बोनेट

डोळ्याच्या भिंगामागे सुमारे ४ मिलि. काचाभ द्रव असतो; त्यात रक्त उतरून तांबड्या पेशी फुटल्या असता कार्बोनिक अॅनहायड्रेज-१ हे विकर बाहेर पडते, आणि तेच दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या अधिक पाझरावयास लावते, असे प्रतिपादन करणारे संशोधन.

पूर्वपीठिका : कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून बायकार्बोनेट बनण्याची क्रिया अतिवेगाने घडविणारे हे विकर मेल्ड्रम व रफटन यांनी केंब्रिज येथे १९३३ च्या सुमारास वर्णिले. ‘डायमॉक्स’ या नावाने परिचित असलेल्या अॅसिटाझोलामाइडाने हे विकर रोखले असता नेत्रदाब उतरतो, असे बर्नार्ड बेकर यांनी १९५४ मध्ये दाखविले.

बोस्टन येथील संशोधन : मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांतून काढलेल्या काचाभ द्रवातील प्रथिनांची छाननी करीत असता जॉस्लिन मधुमेह केंद्रातील गाओ, फीनर प्रभृतींस हे विकर वाढलेले आढळले. ते उंदरांच्या डोळ्यांत टोचले असता वाहिन्या पाझरून दृष्टिपटल सुजले. या विकरामुळे काचाभ द्रव अल्कधर्मी झाल्याने कॅलिक्रेन हे विकर व रक्तक्लथनाचा बारावा घटक यांची साखळी कार्यान्वित होते, अशी मीमांसा त्यांनी २००७ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये मांडली. रक्तस्राव हा व्याधीचा केवळ परिणाम नसून पुढील हानीचे कारणही ठरू शकतो, हे या कार्याचे खरे मोल. मानवी रुग्णांत या साखळीचा वाटा किती, याविषयी मात्र एकवाक्यता नाही. कॅलिक्रेनरोधक केव्हीडी-००१ या औषधाच्या चाचणीचे फलित २०१९ मध्ये अपेक्षेस उतरले नाही.

लक्षणे : डोळ्यापुढे अकस्मात काजळीचे ठिपके व काळे धागे तरंगू लागतात, कधी सर्वत्र तांबूस धुके पसरते, वेदना बहुधा नसते, आणि म्हणूनच रुग्ण दिरंगाई करतो.

कारणे : मधुमेही दृष्टिपटलविकार, दृष्टिपटल फाटणे, शिरारोध, आघात, ईल्सचा विकार.



उपचार : उशी उंच ठेवून विश्रांती, लेसर, नेत्रांतर्गत इंजेक्शन व, रक्त न विरल्यास, काचाभ द्रव काढण्याची शस्त्रक्रिया. खाण्याचा सोडा हाही बायकार्बोनेटच असला, तरी त्याचा या प्रकरणाशी काडीमात्र संबंध नाही. त्याने डोळ्यात रक्त उतरत नाही, की उतरलेले जातही नाही. मधुमेह्याने दृष्टी स्वच्छ असतानाच, वर्षातून निदान एकदा, बाहुली विस्फारून दृष्टिपटल तपासून घ्यावे, इतकाच व्यावहारिक बोध या संशोधनातून आज निःशंकपणे निघतो.