सामुराई-खेळ

सामुराई-खेळ : मध्ययुगीन जपानमधील यादवी युद्धे आणि दंतकथांतील भुतेराक्षसे यांच्या मिश्रणातून रचलेल्या, तलवारीने शत्रूंचे थवेच्या थवे कापीत जाण्यावर भर असणाऱ्या व्हिडिओ खेळांचा वर्ग. या कापाकापीच्या प्रकारास इंग्रजीत ‘हॅक अँड स्लॅश’ म्हणतात.

कथानक बहुधा सेनगोकू काळातील (१४६७–१६१५) असते. मध्यवर्ती सत्ता ढासळल्याने या काळात प्रांतोप्रांतीचे सरदार परस्परांशी लढत राहिले. पुढे ओदा नोबुनागा, तोयोतोमी हिदेयोशी व तोकुगावा इएयासू यांनी क्रमाने देश एका सत्तेखाली आणला. जपानी खेळनिर्मात्यांनी हा विषय प्रथम वेगळ्या अंगाने हाताळला. कोएई कंपनीच्या नोबुनागा नो याबो (१९८३) या खेळात तलवार चालवावी लागत नसे. सारा भर मुलूख, भात, कर व फौज यांच्या हिशेबावर होता. नामकोच्या गेंपेई तोमादेन (१९८६) मध्ये मात्र मृत योद्धा पुन्हा उठून भुतांशी लढतो. कॅपकॉमच्या ओनिमुशा (२००१) मध्ये मेलेला नोबुनागा राक्षसांच्या साहाय्याने परततो. या वर्गाचा खरा साचा पक्का केला तो कोएईच्या सेनगोकू मुसो (२००४) व कॅपकॉमच्या सेनगोकू बासारा (२००५) या मालिकांनी.

‘मुसो’ म्हणजे अद्वितीय, अजोड. अशा खेळात एकच योद्धा रणांगणात शिरतो व एका लढाईत हजारावर शिपाई लोळवतो. पडद्यावर त्यांची मोजदाद चालू असते. हलका वार करण्याची एक कळ व जड वार करण्याची दुसरी, यांच्या ठराविक क्रमांतून बहुतेक सर्व डावपेच निघतात. तोचतोचपणाचा आक्षेप यांवर नेहमी घेतला जातो व तो खराही आहे; पण त्याचे एक कारण तांत्रिक आहे. यंत्राच्या मर्यादित शक्तीत शेकडो माणसे एकदम दाखवावयाची, तर ती एकाच चेहऱ्याची आणि अल्पबुद्धीची ठेवावी लागतात. म्हणून शिपाई भोवती घोटाळत उभे राहतात, वार थोडेच करतात. नाव, चेहरा व भाषण केवळ सरदारांना मिळते.

येथे इतिहास नेमका उलटा होतो. सेनगोकू युद्धांचा निकाल एकट्या तलवारबहाद्दरांनी लावला नाही. तो भाले व बंदुका घेतलेल्या ‘अशिगारू’ या सामान्य पायदळाने लावला. पोर्तुगीज बंदुका १५४३ मध्ये जपानात आल्या आणि १५७५ मध्ये नागाशिनो येथे नोबुनागाच्या बंदूकधारी पायदळाने ताकेदा घराण्याच्या नावाजलेल्या फौजेचा मोड केला. खुद्द हिदेयोशी सामान्य अशिगारूच्या घरचा, असे परंपरा सांगते. अर्थात, खेळाडू ज्या अनाम घोळक्याला कापत सुटतो, त्याच थरातून जपानचा सत्ताधीश निघाला. त्याने १५८८ मध्ये शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली आणि आपण ज्या वाटेने वर आलो, ती इतरांना बंद केली. हे नाट्य कोणत्याही राक्षसापेक्षा सरस आहे.

दाते मासामुनेचे (१५६७–१६३६) उदाहरण बोलके आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूरजवळच्या माहुली किल्ल्यावर शहाजीराजांना शरण जावे लागले, त्याच वर्षी वारलेला हा एकाक्ष सरदार. त्याने १६१३ मध्ये यूरोपात वकिलात धाडली होती. बासारात तो सहा तलवारी बाळगतो व मधूनमधून इंग्रजी बोलतो. तरीही २००९ मध्ये मियागी प्रांताने राज्यपालाच्या निवडणुकीत मतदारांना आवाहन करण्यासाठी फलकावर हाच काल्पनिक मासामुने वापरला. त्याच सुमारास या खेळांमुळे इतिहासाकडे वळलेल्या तरुणींना ‘रेकिजो’ (इतिहासवेड्या स्त्रिया) हे नाव जपानात रूढ झाले. खेळ खोटा असला, तरी त्याने जागवलेले कुतूहल खोटे नव्हते.

महाराष्ट्रात या जातकुळीच्या जवळ जाणारा खेळ म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा राजी : ॲन एन्शंट एपिक (२०२०). त्यात कसरती करणारी एक मुलगी पळवून नेलेल्या भावासाठी असुरांशी लढते व तिची कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडते. लढाईचा साचा ओळखीचा आहे. मात्र शत्रू असुरच असल्याने, मारला जाणारा शिपाई कोण, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.