पाचवे शील आणि रविवारची बैठक

आपला विहार कसा उभा राहिला, विटा कोणी दिल्या, श्रमदान कोणी केले, हा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिलाच आहे. आम्ही लिहितो आहोत तो घराघरात ठाऊक असलेला, पण चारचौघात न बोलला जाणारा. दारूचा आणि दारू सोडण्याचा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला वर्धा नदीपलीकडे चांद्यात बाबासाहेबांनी दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पाचवे शीलही तेच सांगते. त्याही आधी, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी बायांना बजावले होते की, नवरा किंवा मुलगा पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. तरी कापसाचा पैसा हाती आला की मारेगावात बाजाराच्या दिवशी काय होते, हे सांगायला स्मरणिका कशाला पाहिजे!

सरकारी उपायही झाले. वर्धा जिल्ह्यात जुनी दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. बायांनी मतदान करून बाटली आडवी करायचा नियमही आहे. दुकान अशाने बंद होते, पण पिणाऱ्याची तलफ बंद होत नाही.

आमची चूक इथे कबूल करतो. वस्तीतल्या एका भावाला आम्ही तीनदा बुद्धमूर्तीसमोर उभे करून शपथ दिली. तिसऱ्या वेळी त्याने खरेच एका झटक्यात सोडली. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर उंदीर दिसायला लागले, मग झटका आला. आम्ही म्हणत होतो, नाटक करून राहिला. ते नाटक नव्हते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर जीवही जाऊ शकतो. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध लागते. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, हे आम्हाला तेव्हा सुचलेसुद्धा नाही. भाऊ वाचला, ही त्याच्या बायकोची हुशारी. तिने आमचे न ऐकता त्याला गाडीत घातले.

बरा होऊन आल्यावर तो म्हणाला, "मले सोडाची हाये, पण तुमच्यात बसून नाही सुटत. तुम्ही पेलेच नाही कधी."

या एका वाक्यात मोठा इतिहास आहे. मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल नावाचा शेअर दलाल धंद्यात फसून हॉटेलात एकटा पडला होता. दारू सोडून पाचेक महिनेच झाले होते, आणि बाजूला बार. त्याने बारकडे न जाता टेलिफोन उचलला आणि पाद्र्यांना विचारत सुटला, गावात माझ्यासारखा एखादा दारुडा आहे का? अशी गाठ पडली डॉ. बॉब या शल्यचिकित्सकाशी. बॉब पंधरा मिनिटेच बसणार होते, ते कित्येक तास बसले. १० जून १९३५ ला बॉबनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा, स्थापनादिन मानतात. ही मंडळी १९५७ मध्ये मुंबईत पोचली. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तिथेही सुटलेले लोकच पुढच्यांना धरतात. बायकांसाठी 'सहचरी' हा गट वेगळा.

बैठक शोधायला आम्हाला बराच वेळ लागला. मारेगावात कोणाला विचारावे तर तो आपल्याकडेच संशयाने पाहणार. शेवटी नागपूरला एका पाहुण्याकडे उतरून ए.ए.च्या खुल्या सभेत भावासोबत बसलो. खुल्या सभेला घरचेही चालतात, बंद सभेला फक्त पिणारे. फी नाही, आडनाव विचारत नाहीत (म्हणजे जातही कळत नाही, हे आम्हाला फार आवडले). अट एकच, सोडायची इच्छा. कोणी उपदेश केला नाही; जो तो आपलीच फजिती सांगत होता. आता सरकारचा १४४४६ हा मोफत फोन आहे, त्यावर सल्ला मिळतो आणि जवळच्या केंद्राची चौकशी करता येते.

एक गोष्ट खटकली. त्यांच्या बारा पायऱ्यांत ईश्वर येतो. आम्ही तेव्हा जरा ताठच झालो. पण १९७५ पासून शिकागोत निरीश्वरवाद्यांचेही ए.ए. गट आहेत, आणि त्यांच्यात अनेकजण आपल्या गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात. भाऊ म्हणाला, मग मी संघ म्हणतो. तिसरे शरण आपण रोज घेतो, पण त्याचा असा उपयोग आमच्या ध्यानात आला नव्हता.

मग रविवारी वंदनेनंतर मागच्या खोलीची किल्ली भावाकडे दिली. पहिल्या रविवारी चार जण आले, दोघे दारातूनच परतले, कारण वंदनेची मंडळी अजून ओट्यावर गप्पा मारत उभी होती. तेव्हापासून बैठक अर्ध्या तासाने उशिरा ठेवली, आणि आम्ही वंदना झाली की सरळ घरी जातो.